शिक्षणात पीएचडीची फेलोशिप हवी आहे? फॉर्म भरण्याआधीची तयारी

शाळेत मुलं नेमकी कशी शिकतात यावर संशोधन करायचं आणि त्यासाठी फेलोशिप मिळवायची असं मनात पक्कं झालं असेल, तर पहिली तयारी कागदपत्रांची नाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि पंधरा दिवस दुसरीच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा. शिकवायला जाऊ नका, नुसतं बघा. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर मूल काय बोललं, काय लिहिलं ते जसंच्या तसं, उजव्या पानावर तुम्हाला त्यातून काय वाटलं ते. ही दोन पानं वेगळी ठेवायची सवय आत्ता लागली तर प्रबंध लिहिताना जिवाला स्वस्थता मिळते.

माझा विषय असाच मागे बसून सापडला. बाईंनी 'एकोणपन्नास' लिहायला सांगितलं आणि माझ्या शेजारच्या मुलीने ५९ लिहिलं. मधल्या सुट्टीत तिला विचारलं, तर म्हणाली, "पन्नास म्हटलं ना, म्हणून पाच. आणि एकोण आलं की नऊ." उत्तर चुकलं होतं, पण तिच्याकडे नियम होता. १९, २९, ३९ बघून 'एकोण'ला शेवटी नऊ येतो हे तिचं तिने शोधून काढलं होतं. अडचण आपल्या संख्यानामांतच आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. आणि 'एकोण' तर नाव घेतं पुढच्या दशकाचं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या वादात मतं उदंड ऐकली. मुलांच्या वह्या उघडून बोलणारी माणसं मला फार थोडी दिसली. म्हणून सांगते, 'मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या गणितातील समस्या' असा विषय लिहू नका. 'दुसरीतली मुलं एकोण-संख्या लिहिताना कोणते नियम वापरतात' असा लिहा. मुलाखतीत समितीने काहीही विचारलं तरी तुमच्याकडे सांगायला एक खरं मूल असतं.

आता परीक्षा. फेलोशिपचा नेहमीचा रस्ता म्हणजे यूजीसी नेट, विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यात 'शिक्षणशास्त्र' हा विषय आहे. पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांसाठी ५०. पेपर दोन, एक सामान्य आणि एक विषयाचा, दोन्ही सलग तीन तासांत, प्रश्न १५०, गुण ३००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठीतून बीएड, एमए केलेल्यांनी संज्ञांची इंग्रजी-मराठी जोडयादी आजपासून करायला घ्या. अभ्यास झालेला असूनही शब्द न ओळखल्यामुळे गुण गेलेले मी पाहिले आहेत. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफसाठी, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपसाठी, वय ३० पर्यंत, महिला आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा.

नेट हा एकच रस्ता नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुलांच्या विज्ञान-गणित शिकण्यावर काम करतं आणि तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते. विज्ञान शाखेतून येऊन शाळेकडे वळणाऱ्यांनी आधी तिथे चौकशी करावी. एनसीईआरटी (शालेय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) आणि आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्र संशोधनाची राष्ट्रीय परिषद) यांच्या डॉक्टरल फेलोशिप आहेत. आपल्या राज्यात बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी) या संस्थांच्याही आहेत; त्यांच्या जाहिरातींवर स्वतः लक्ष ठेवा, कोणी फोन करून सांगेल याची वाट बघू नका.

कागदपत्रांत एकाच गोष्टीवर थांबते, कारण तिच्यापायी माझं एक वर्ष गेलं. ओबीसींचं राज्याचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. मी राज्याचं जोडलं आणि बाद झाले. सेतू केंद्रात अर्ज देतानाच नमुना स्पष्ट सांगा. बाकी गुणपत्रकं, अधिवास, जात वैधता नेहमीचंच.

पैशाचंही आधीच बघा. फेलोशिप मंजूर झाल्यावर पहिली रक्कम माझ्या खात्यात यायला आठ महिने लागले. खोलीचं भाडं आणि मेसचे निदान आठ महिन्यांचे पैसे बाजूला असू द्या, आणि घरी हे मोकळेपणाने सांगून ठेवा.

वर्गातल्या कामाचं वेळापत्रक शाळेच्या वर्षाप्रमाणे आखा. जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तकवाटप, दिवाळीआधी पहिलं सत्र संपवायची घाई, मार्चनंतर परीक्षा. निवडणूक लागली तर शिक्षक ड्यूटीवर. जुलैअखेर ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, हाती एवढेच महिने येतात असं धरून चाला. शिक्षणाधिकाऱ्यांचं लेखी पत्र, मुख्याध्यापकांची संमती, मराठीत लिहिलेलं पालकांचं संमतीपत्र, हे सगळं आधी हवं. पालक वाचू शकत नसतील तर वाचून दाखवा. आणि पालकांनी सही केली तरी मुलाला वेगळं विचारा. ते नको म्हणालं तर रेकॉर्डर बंद.

पिशवीत कोरे कागद आणि टोक काढलेल्या पेन्सिली ठेवा. मुलांच्या वह्यांचे फोटो तिथेच काढून घ्या, वह्या घरी आणू नका. दुसऱ्या दिवशी बाईंना गृहपाठ दाखवायचा असतो.