फाइंडला समोरची फाइल सापडत नाही? आधी कोट तपासा

फोल्डरमध्ये उघड दिसणारी फाइल फाइंडला (टर्मिनलमध्ये फाइली शोधणारी कमांड) सापडत नसेल, तर दोष बहुतेक वेळा फाइंडचा नसतो. (कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

फाइंड . -नेम *.सीएसव्ही

यातला स्टार (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल') बऱ्याचदा फाइंडपर्यंत पोचतच नाही. एंटर दाबलं की आधी शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ओळ वाचतं आणि चालू फोल्डरमध्ये जुळतील त्या फाइलींची नावं स्टारच्या जागी घालून मोकळं होतं. तिथे एकही सीएसव्ही नसेल तर बॅश हे शेल पॅटर्न, म्हणजे *.सीएसव्ही, जसाच्या तसा पुढे पाठवतं आणि कमांड छान चालते. फसगत होते ती इथेच. दोन-चार सीएसव्ही असतील तर 'पाथ्स मस्ट प्रिसीड एक्स्प्रेशन' असा एरर येतो. तो आलेला बरा! एकच असेल तर खरी पंचाईत: समजा, चालू फोल्डरमध्ये फक्त मार्च.सीएसव्ही आहे. मग फाइंड सगळ्या सबफोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल शोधत बसतं. सबफोल्डरमधल्या एप्रिल, मेच्या फाइली यादीत कुठेच नाहीत आणि एररही नाही.

मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून झेडएसएच हे दुसरं शेल डिफॉल्ट आहे. त्याला काही जुळलं नाही तर 'नो मॅचेस फाउंड' म्हणून ते कमांडच चालवत नाही. माझ्या मते हेच जास्त शहाणपणाचं.

उपाय एवढाच:

फाइंड . -नेम '*.सीएसव्ही'

स्टारपुरते सिंगल, डबल दोन्ही कोट चालतात. आत डॉलरवालं व्हेरिएबल उलगडायला हवं असेल तरच डबल. वर्डमधून कॉपी केलेले वळणदार कोट मात्र शेलच्या लेखी साधी अक्षरं, त्यांचा काही उपयोग नाही.

ग्रेपचं (मजकुरात शोधणारी कमांड) गणित वेगळं. तिथे पॅटर्न म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना लिहायची वेगळी पद्धत, तिच्यात स्टार आधीच्या अक्षराला लागतो), त्यामुळे 'रिपोर्ट*' याचा अर्थ शेवटचा टी कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा.

आता जपून वापरायची कमांड:

फाइंड . -नेम '*.टीएमपी' -ओ -नेम '*.बीएके' -डिलीट

-ओ म्हणजे 'किंवा', पण -डिलीट फक्त त्याच्या पुढच्या -नेमला लागतं. त्यामुळे यात फक्त बीएके फाइली उडतात, टीएमपी तशाच राहतात. दोन्ही नेम कंसात घाला आणि प्रत्येक कंसाआधी बॅकस्लॅश द्या. पहिल्यांदा -डिलीट काढूनच चालवा, येणारी यादी नीट वाचा. मग -डिलीट लावायचं ते अगदी शेवटी. -नेमच्या आधी पडलं, तर पॅटर्न बघण्याआधीच फोल्डरमधलं सगळं साफ होतं.