हरणाच्या स्टॉकिंगसाठी पहिली रायफल आणि स्कोप कसा निवडायचा – ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी

स्टॉकिंग म्हणजे दबकत माग काढून हरीण मारणं, आणि स्कोप म्हणजे रायफलीवरची दुर्बीण. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं ब्रिटनबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे, तिकडे सांबर-चितळ वाचवायचेत. इकडे परिस्थिती बरोबर उलटी आहे, लांडगा संपून शतकं झाली, हरणांना खाणारं कोणी उरलं नाही, आणि सगळी मिळून वीस लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज सांगतात. नवीन लावलेलं झाड वर येऊ देत नाहीत, कोवळा शेंडा आला की गेला. म्हणून परवाना काढून, जमीनमालकाची परवानगी घेऊन हरणं मारली जातात आणि ते मटण खाल्लं जातं. मी स्कॉटिश बॉर्डर्समध्ये राहतो, आपली बरीच मराठी मंडळी आता इकडे खेड्यात घरं घेतायत आणि शेजारचा शेतकरी म्हणाला "ये की हरणं मारायला" की मग मला मेसेज येतो, दादा कुठली रायफल घेऊ. त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी: घेऊ नका

खरंच सांगतो, पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका. एखाद्या अनुभवी स्टॉकरबरोबर जा. इकडच्या कायद्यात सोय आहे की पोलिसांचं बंदुकीचं सर्टिफिकेट असलेला माणूस खाजगी जमिनीवर स्वतः सोबत उभा राहून तुम्हाला त्याची रायफल वापरायला देऊ शकतो, तुमचं वय १७ पूर्ण हवं. पैसे देऊन असे दिवस मिळतात. दोन-तीन वेळा वेगवेगळ्या रायफलींवर हात बसला की तुम्हाला स्वतःलाच कळतं की जड हवी का हलकी, धक्का सोसतो का नाही, आणि मुळात आपल्याला जमणारे का हे. काही जणांना हरीण खाली पडलेलं बघून परत जावंसं वाटत नाही, त्यात काही चूक नाही, पण ते दोन-अडीच हजार पौंड घालवायच्या आधी कळलेलं बरं.

याच काळात डीएससी-वन, म्हणजे डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट लेव्हल वन करून टाका. कायद्याने सक्ती नाहीये पण करा. त्यात नेमबाजीची परीक्षा असते, १०० मीटरवर तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवायच्या, मग हरणाच्या चित्रावर १०० मीटरवरून दोन, ७० वरून दोन, ४० वरून दोन. चार इंच म्हणजे आपली आमटीची वाटी. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्या जागेत असतात, म्हणून तो आकडा. यापुढे रायफल, स्कोप, गोळी काहीही निवडताना एकच प्रश्न विचारायचा, याने माझी पहिली गोळी त्या वाटीत जाणार का? थंडीत, धाप लागलेली असताना, उजेड कमी असताना जाणार का?

कागदपत्रं

फायरआर्म सर्टिफिकेट पोलीस देतात, पाच वर्षं चालतं. डॉक्टरचा रिपोर्ट लागतो, ओळख देणारी माणसं लागतात, भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट लागतं (बीएस ७५५८ चा शिक्का बघून घ्या), पोलीस घरी येऊन बघून जातात. रायफल कशासाठी हवी याचं ठोस कारण द्यावं लागतं, म्हणजे कुठल्या जमिनीवर, कुठलं हरीण. आणि इथे लोक फसतात ते असं, की कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी) अर्जात आधी लिहावा लागतो, दुकानात जाऊन मग ठरवू असं चालत नाही, सर्टिफिकेटवर ज्या कॅलिबरचा स्लॉट असेल तीच रायफल दुकानदार हातात देईल. मॉडरेटरचे (नळीच्या तोंडाला लावून आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याचे) नियम सध्या बदलाच्या वाटेवर आहेत, तेव्हा अर्ज भरतानाच पोलिसांच्या लायसन्सिंग विभागाला फोन करून विचारा.

कॅलिबर: कायदा काय म्हणतो आणि खांदा काय म्हणतो

इंग्लंड-वेल्समध्ये हरणासाठी कमीत कमी .२४० इंचाचा कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ऊर्जा हवी. मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या छोट्या दोघांसाठी .२२० आणि १००० फूट-पौंड चालतं. (मंटजॅक म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं चिनी चुलत भावंड, बेडफर्डशरच्या वोबर्न इस्टेटीवर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आणलं आणि तिथून अर्ध्या इंग्लंडभर पसरलं. पहिल्यांदा त्याचं भुंकणं ऐकलं तेव्हा मला एकदम कोयनेचं जंगल आठवलं.) स्कॉटलंडचा हिशोब वेगळा, तिथे गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा तिन्ही बघतात, कमीत कमी ८० ग्रेन वजन, २४५० फूट प्रति सेकंद, १७५० फूट-पौंड. हे ८० ग्रेन २०२३ च्या शेवटी झालं, आधी १०० होतं, त्यामुळे जुनी पुस्तकं आणि जुनी माणसं अजून १०० च सांगतील. फक्त रो डिअरसाठी (इकडचं लहान रानटी हरीण) स्कॉटलंडमध्ये ५० ग्रेन आणि १००० फूट-पौंड पुरतं. गोळी सगळीकडे फुलणारी हवी, म्हणजे आत गेल्यावर पसरून लगेच मारणारी.

आता प्रत्यक्षात पहिली रायफल म्हणून नावं तीन-चारच येतात. .२४३ विंचेस्टर, ६.५ बाय ५५ स्वीडिश, ६.५ क्रीडमूर, आणि .३०८ विंचेस्टर. .२७० पण चांगलंच आहे, हायलँड्समध्ये पिढ्यान् पिढ्या वापरतात, पण आवाज आणि भडका जास्त, सुरुवातीला नको असं माझं मत.

.२४३ चा धक्का सगळ्यात कमी, त्यामुळे नवीन माणूस दचकत नाही, रो आणि मंटजॅकला उत्तम. अडचण अशी की आता शिशाच्या गोळ्या जाणार आहेत, सरकारने २०२५ मध्ये तसं जाहीर केलंय, आणि तांब्याची गोळी त्याच वजनात जास्त लांब असते, लांब गोळीला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात नाहीतर ती हवेत डगमगते. .२४३ च्या बऱ्याच नळ्या एकास दहाच्या आहेत, म्हणजे दहा इंचात आट्यांचा एक पूर्ण वळसा, त्यात ८० ग्रेनची तांब्याची गोळी सहसा चालते पण प्रत्येक रायफलीत चालेलच असं नाही, दोन-तीन कंपन्यांचे बॉक्स घेऊन बघावं लागतं. ६.५ वाल्या दोन्हींच्या नळ्या साधारण एकास आठ असतात त्यामुळे हा प्रश्नच येत नाही, धक्का .२४३ पेक्षा थोडाच जास्त, आणि २० किलोच्या रो डिअरपासून दीडशे किलोच्या रेड स्टॅगपर्यंत (रेड डिअरचा नर) सगळं होतं. मला आज कोणी विचारलं तर मी ६.५ सांगतो, स्वीडिश का क्रीडमूर हा वाद घालायची गरज नाही, तुमच्या जवळच्या दुकानात ज्याची काडतुसं कायम मिळतात ते घ्या. .३०८ ची काडतुसं सगळीकडे मिळतात आणि आखूड नळीतही ते चांगलं चालतं, पण धक्का जाणवतो, अंगाने दणकट असाल आणि मॉडरेटर लावणार असाल तरच पहिली म्हणून घ्या. मोठ्या कॅलिबरने चुकीच्या जागी बसलेली गोळी बरोबर होत नाही, आणि धक्क्याला घाबरून ट्रिगर हिसकायची सवय एकदा लागली की जायला वर्षं लागतात.

रायफल हातात घेऊन बघताना

पहिली रायफल बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्यायची, म्हणजे दर गोळीला हाताने खटका मागे-पुढे करायची. टिक्का टी-३एक्स, हॉवा १५००, माउझर एम-१८, सावर १००, बर्गारा, यातली कुठलीही आज तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक आहे, त्यामुळे इंटरनेटवर अर्ध्या इंचात बसलेल्या गोळ्यांचे ग्रुप बघत बसू नका. दुकानात जाताना जे जाकीट घालून डोंगरावर जाणार तेच घालून जा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, मान ताणावी लागली किंवा कडेला काळी चंद्रकोर दिसली तर ती रायफल तुमच्या मापाची नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे, बायकांचे तर हमखास, हात युरोपियन मापापेक्षा आखूड असतात, तेव्हा दस्ता कमी करून मिळतो का हे विचारा, चांगले दुकानदार स्पेसर (दस्त्याच्या टोकाच्या पट्ट्या) काढून किंवा दस्ता कापून देतात. डावखुरे असाल तर डाव्या हाताचीच घ्या, कोणी स्वस्तात उजवी देतोय म्हणून घेऊ नका.

लाकडी दस्ता सुंदर दिसतो, अक्रोडाचं लाकूड हातात घेतलं की सोडवत नाही, पण इकडच्या पावसात सिंथेटिक दस्ता आणि स्टेनलेस नळीच बरी. नळी २० ते २२ इंच, तोंडाला मॉडरेटरसाठी आटे पाडलेले हवेत. मॉडरेटर चैन नाहीये, कान वाचतात, धक्का कमी होतो आणि शेजारच्या वाडीवरची म्हातारी झोपमोड झाली म्हणून तक्रार करत नाही. जुनी रायफल घ्यायलाही काही हरकत नाही, फक्त रजिस्टर्ड डीलरकडून, आणि नळीत आतून बघून घ्या की आट्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत, गंजाचे खड्डे नाहीत.

स्कोप: इथे हात आखडू नका

रायफलीवर जेवढे घालवाल तेवढेच काचेवर घाला, बजेट कमी असेल तर रायफल जुनी घ्या पण काच चांगली घ्या. कारण हरीण बाहेर येतं ते पहाटे आणि संध्याकाळी, कायद्याने सूर्योदयाआधी एक तास ते सूर्यास्तानंतर एक तास चालतं, आणि त्याच वेळेत स्वस्त स्कोपमध्ये सगळं करड्या लापशीसारखं दिसतं.

हिशोब सोपा आहे. स्कोपच्या नावात पहिला आकडा मॅग्निफिकेशन, म्हणजे किती पट मोठं दिसतं, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यास भागिले मॅग्निफिकेशन म्हणजे डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा आकार. ८ बाय ५६ चा ७ मिलिमीटर, ६ बाय ४२ चा पण ७. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ पर्यंत उघडते, वय वाढलं की ५ वर येते. म्हणून ३ ते १२ बाय ५६ वाला स्कोप १२ वर ठेवलात तर पाचसुद्धा मिळत नाहीत, संध्याकाळी ६-७ वर आणा, लगेच उजेड वाढलेला दिसेल. जंगलात, मचाणावर बसून मारणार असाल तर ५६ चं भिंग घ्या. डोंगरावर पायपीट करणार असाल तर ४२ चं पुरतं, हलकं पडतं. २५ पट मॅग्निफिकेशनची काही गरज नाही, जितकं मोठं तितकी आपली थरथर मोठी दिसते आणि मन खचतं.

रेटिकल (स्कोपमधली नेम धरायची खूण) साधा, जर्मन नंबर चार, म्हणजे तीन जाड दांड्या आणि मधे बारीक क्रॉस, जमल्यास मधे लाल ठिपका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे स्कोप सारखेच दिसतात, म्हणून डिसेंबरात चार वाजता जा आणि दुकानाच्या दारात उभं राहून लांबच्या झाडीच्या सावलीत बघा, फरक तिथे कळतो. श्मिट अँड बेंडरचे जुने ८ बाय ५६ सेकंडहँड बऱ्या किमतीत मिळतात, माझ्या रायफलीवर तोच आहे. नवीनच हवा असेल तर मेओप्टा बघा.

बसवणं आणि झीरो करणं

स्कोप रायफलीवर धरणाऱ्या रिंगा चांगल्या घ्या आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरा, रिंगच्या कंपनीने दिलेल्या आकड्याएवढंच आवळा. स्कोप होईल तेवढा खाली, पण पुढचं भिंग नळीला लागू नये, आणि डोळ्यापासून साधारण ९ सेंटिमीटर लांब. मग १०० मीटरवर कागदावर झीरो करा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप लावा, ज्या काडतुसाने हरीण मारणार त्याच काडतुसाने, युरोपियन स्कोपची चकती फिरवताना एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर.

आता जे सांगतोय ते मला सांगायला जड जातं. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात गाडीच्या मागच्या सीटवरून रायफल खाली घसरली, कव्हरमध्ये होती, वरून काही दिसलं नाही, मी तशीच घेऊन गेलो. उजेड जायला दहा मिनिटं, लार्चच्या झाडांच्या कडेला रो मादी, ८०-९० मीटर, आडवी उभी. गोळी झाडल्यावर ती पाठ वाकवून, कुबड काढल्यासारखी झाडीत गेली. जिथे उभी होती तिथे रक्त नव्हतं, पांढुरके केस पडले होते आणि हिरवट ओलसर काहीतरी, वास आल्यावर कळलं की पोटात लागलीये. शेजारच्या स्टॉकरचा कुत्रा आणला, तासाभराने तीनशे मीटरवर नेच्यात बसलेली सापडली, जिवंत. दुसऱ्या दिवशी कागदावर बघितलं तर रायफल सहा इंच उजवीकडे मारत होती. ते सहा इंच माझ्यामुळे होते, दोन गोळ्या कागदावर झाडायचा मला कंटाळा आला होता.

तेव्हापासून रायफल पडली, आपटली, विमानातून आली, बॉक्सचा लॉट बदलला, काहीही झालं तरी आधी कागद. आणि महिन्यातून एकदा थंड नळीतून फक्त एक गोळी, कारण हरणावर तीच जाते, गरम नळीची तिसरी गोळी नाही. त्या एका भोकाचं माप तारखेसकट एका छोट्या वहीत लिहितो, ती वही काडतुसांच्या कपाटातच ठेवलीये, म्हणजे काडतूस काढताना ती आधी हातात येते.