कडधान्यं-पालेभाज्या खाताय ना, मग त्या अंगी लागण्यासाठी एवढं करा

पाकिटावर लिहिलेलं असतं की यात इतकं लोह आहे, तितकं कॅल्शियम आहे, आणि आपण ते आकडे बघून निवांत होतो. पण तो आकडा पदार्थातला असतो, रक्तात किती पोचणार त्याचा नसतो. वनस्पतींमधलं लोह साधारण २ ते २० टक्केच शोषलं जातं, आणि त्यात आपण २च्या जवळ राहतो की २०च्या हे शरीरात लोहाचा साठा किती आहे आणि ताटात सोबत काय आहे यावर ठरतं. साठा कमी असेल तर आतडं आपणहून जास्त ओढून घेतं, ते आपल्या हातात नाही, पण ताट आपल्या हातात आहे.

लोहासाठी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे व्हिटॅमिन सी. लिंबू, संत्रं, पेरू, ढोबळी मिरची, काहीही चालेल, पण त्याच जेवणात हवं, सकाळी खाल्लेल्या संत्र्याचा रात्रीच्या डाळीला काही उपयोग नाही, कारण सी हे पोटात लोहासोबत असेल तरच त्याला विरघळलेलं ठेवतं. आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळत्या डाळीत पिळलं तर उष्णतेने सी कमी होतं.

आता चहा. हे वाचून बऱ्याच जणांना वाईट वाटेल पण सांगायलाच हवं, जेवणासोबत कपभर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त कमी होऊ शकतं, त्यातले पॉलिफेनॉल्स (चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं) लोहाला धरून ठेवतात, आणि दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. कॉफीचंही तेच. सोडायची गरज नाही, जेवणाच्या तासभर आधी प्या, नाहीतर जेवल्यावर दीड-दोन तास थांबा. कॅल्शियमची गोळी असेल तर तीही लोहाच्या जेवणासोबत नको. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी बाकी काही जमलं नाही तरी चहाची वेळ तेवढी बदला, प्लीज. (पण नुसत्या यावर विसंबू नका, ॲनिमिया असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आणि ज्यांच्या शरीरात लोह जास्त साठतं असा आजार आहे त्यांनी लोहाचं शोषण वाढवणारे हे उपाय करू नयेत.)

दुसरा अडथळा फायटेट नावाच्या नैसर्गिक घटकाचा. धान्य, कडधान्य, तेलबिया यांच्यात हे असतं आणि लोह, झिंक, कॅल्शियम तिन्हीला बांधून ठेवतं, नुसतं शिजवून ते फारसं जात नाही. त्यासाठी ८-१२ तास भिजवा, ते पाणी फेका, जमलं तर मोड आणा, किंवा पीठ आंबवा, म्हणजे फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि फायटेट तोडायला लागतं. झिंकसाठी तर हेच मुख्य, कारण लिंबू लोहाला जशी मदत करतं तशी झिंकला करत नाही. फायटेटच्या भीतीने कोंडा काढलेलं पीठ मात्र आणू नका, कोंड्याबरोबर खनिजंही जातात, मग अडथळा काढून मिळवलं काय?

कॅल्शियमसाठी पालकावर भरवसा ठेवू नका. त्यात कॅल्शियम भरपूर असतं पण ऑक्झलेट नावाचा पालकातलाच घटक कॅल्शियमला बांधून ठेवतो, त्यामुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. ब्रोकोली, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), कोबी यांच्यात ऑक्झलेट कमी, त्यामुळे त्यांच्यातलं कॅल्शियम दुधाइतकं किंवा त्याहून चांगलं शोषलं जातं. पालक आवडत असेल तर खुशाल खा, उकडून पाणी टाकलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं, मात्र त्या पाण्यात सी आणि फोलेट (एक बी व्हिटॅमिन) हेही जातं.

गाजर, भोपळा, हिरव्या पालेभाज्या यांच्यातलं बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) आणि व्हिटॅमिन के यांना तेल-तूप लागतं, फार नाही, चमचाभर पुरतं, म्हणून बिनतेलाची सॅलड खाणाऱ्यांनी त्यात निदान मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड टाकावेत. गाजर-टोमॅटो चिरून, शिजवून खाल्ले तर आणखी चांगलं, पेशींच्या भिंती फुटतात आणि आतलं बाहेर येतं.

राहिलं व्हिटॅमिन बी१२. ते झाडं बनवतच नाहीत, बॅक्टेरिया बनवतात, त्यामुळे कितीही भिजवा, मोड आणा, ते त्यात येणार नाही, आणि स्पिरुलिनामध्ये जे असतं त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरताच येत नाही. दूध-अंडी काहीच न खाणाऱ्यांनी गोळी किंवा बी१२ घातलेले पदार्थ घ्यायलाच हवेत. आणि तपासताना नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, पालेभाज्या-कडधान्यांतून फोलेट भरपूर मिळत असेल तर बी१२च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जाऊ शकतो आणि तोवर मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं, म्हणून बी१२ वेगळं तपासून घ्या.