एकेश्वरी धर्म समजून घ्यायचे तर तक्ता नको, मासळीपासून सुरुवात करा

माझी सगळी नोकरी अलिबाग तालुक्यात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. आता रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर जे येतील त्यांच्याशी गप्पा मारते. कधी स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, कधी माझ्याच वयाच्या बायका. एक मागणी हटकून येते: "बाई, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम, तिन्हींतला फरक थोडक्यात सांगा ना, तक्ता करून." तक्ता मी देत नाही. 'संस्थापक' या पहिल्याच रकान्यात तो फसतो. इस्लामपुढे तुम्ही मुहम्मद पैगंबर लिहिता, आणि मुसलमान माणूस म्हणतो, ते शेवटचे प्रेषित, दीन तर पहिल्या माणसापासूनचा. यहुद्यांपुढे काय लिहाल, अब्राहाम की मोशे? ज्याच्या धर्माबद्दल लिहिलं त्यालाच जो पटत नाही, तो तक्ता पाठ करून उपयोग काय?

तेव्हा मी कसं शिकवते ते सांगते. घरी मुलांना समजवायचं असेल किंवा स्वतःच शिकायचं असेल, तरी क्रम हाच ठेवा.

पहिलं काम म्हणजे 'देव मानणं म्हणजे धर्म' ही व्याख्या पुसून टाका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यात सृष्टिकर्त्या देवाला जागाच नाही. म्हणजे व्याख्या आपल्या महाराष्ट्रातच मोडली. त्याऐवजी तीन प्रश्न हाताशी ठेवा: ही माणसं काय खरं मानतात, रोज काय करतात, आणि कोणाबरोबर करतात? आपण सगळे पहिल्याच प्रश्नावर अडकतो, कारण वाद घालायला तो सोयीचा. मी दुसऱ्यापासून सुरू करते.

इथे मासळी येते. आमच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी यहुदी, सांगतात की त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे शतकानुशतकं ही माणसं तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत, नऊवारी नेसत इथलीच झाली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मग डेव्हिड राहाबी नावाचा यहुदी इथे आला. त्याला संशय आला, हे आपलेच लोक असावेत. त्याने बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर असलेली तेवढी घेतली, बाकीची बाजूला काढली. राहाबीची खात्री पटली. ही परंपरेतली कथा आहे, तो कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण धर्म कशात टिकतो हे तिच्याइतकं चटकन दुसरं काही सांगत नाही. ग्रंथ गेला, हिब्रू गेली. शनिवार राहिला, सुंता राहिली, 'शेमा' प्रार्थनेचे शब्द राहिले आणि मासळीची निवड राहिली. बांगडा, रावस चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मोरी चालत नाही. मटणात दूध-दही पडत नाही, म्हणून बेने इस्राएलांच्या रश्शात नारळाचं दूध असतं.

मुलांना हे सांगितलं की त्यांना कोशेर, म्हणजे यहुद्यांना चालणारं अन्न, वेगळं शिकवावं लागत नाही. मग हलाल विचारा, मग लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, कॅथलिक घरात शुक्रवारी मटण का शिजत नाही ते विचारा. तुमच्या ओळखीत या तिघांपैकी जे घर असेल तिथे आधी स्वयंपाकाबद्दल बोला. देवाबद्दल विचारलं की माणूस सावध होतो, जेवणाबद्दल विचारलं की बसवून घेतो.

दुसरी पायरी, एकच गोष्ट तिन्ही घरांतून ऐका. ही गोष्ट अब्राहामाची. मुसलमान त्यांना हजरत इब्राहिम म्हणतात. तिन्ही धर्म त्याला आपला मूळपुरुष मानतात, एका देवाच्या शब्दावर घरदार सोडून निघालेला. त्याच्या आयुष्यातला एकच प्रसंग घ्या आणि घाई करू नका. माझा अख्खा रविवार यात जातो.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाचा २२ वा अध्याय काढा. देव अब्राहामाला सांगतो, तुझा मुलगा इसहाक मला अर्पण कर. बाप लाकडं मुलाच्या खांद्यावर देतो, विस्तव आणि सुरी स्वतःकडे घेतो. वाटेत मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव बघेल. इथे वाचन थांबवा आणि विचारा, मुलाला माहीत होतं का? शेवटच्या क्षणी देवदूत हाक मारून थांबवतो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका बळी जातो.

आता कुराणाची ३७ वी सूरा, म्हणजे अध्याय, काढा. इथे बाप मुलाला आधी स्वप्न सांगतो आणि विचारतो, तुझं काय मत? मुलगा म्हणतो, तुम्हाला हुकूम झालाय तसं करा, मी धीराने घेईन. म्हणजे इथे दोघांचीही परीक्षा आहे. मुलाचं नाव या आयतींत नाही. बहुतेक मुसलमान तो इस्माईल होता असं मानतात. एक कारण असं, की इसहाकच्या जन्माची शुभवार्ता त्याच सूरेत या प्रसंगानंतर येते. जुन्या भाष्यकारांत मात्र यावर दोन्ही मतं होती.

मग प्रत्येक घराने या गोष्टीचं पुढे काय केलं ते बघा. यहुदी नववर्षाला, रोश हशानाला, हा अध्याय सभास्थानात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, वाचतात आणि एडक्याच्या शिंगाचा शोफार फुंकतात. ख्रिस्ती माणसाला लाकडं खांद्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलात क्रूस वाहणारा येशू दिसतो; त्याच्या लेखी तिथे वाचलेला बळी पुढे खरोखर दिला गेला. मुसलमान बकरी ईदला कुर्बानी करतो. शिवाय इस्माईलची आई हाजरा पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावली, म्हणून हजला गेलेला माणूस आजही तिथे सात फेऱ्या घालतो. एका प्रसंगातून कुणाला शिंग मिळालं, कुणाला क्रूस, कुणाला सण. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात घालणार?

'एक देव' म्हणजे नेमका कसा एक, हा प्रश्न यानंतर. आधी घेतलात तर भांडण होतं. शेमा म्हणतो, हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. कुराणाची ११२ वी सूरा चारच ओळींची आहे: अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही, तो कुणापासून जन्मला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. ख्रिस्ती पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणतात, पण 'तुमचे देव तीन का' असं चुकूनही विचारू नका. त्यांच्या मते देव एकच आहे, तीन व्यक्तींत. गणित जुळत नाही म्हणून मुलं हसतात. त्यांना सांगा, जुळवायच्या प्रयत्नात मोठमोठे विद्वान चौथ्या शतकापासून भांडलेत, तुम्ही तासाभरात सोडवायची गरज नाही. येशूबद्दलही तसंच. यहुद्यांसाठी मसिहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, अजून यायचा आहे. इस्लाममध्ये हजरत ईसा मोठे प्रेषित आहेत, कुमारी मरियमच्या पोटी जन्मलेले, तिच्या नावाची अख्खी सूरा आहे, पण देवाचा पुत्र नव्हेत. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, शिया, सुन्नी हे फाटे आहेत एवढं सांगून पुढे चला. आणि एकेश्वरवाद या तिघांचीच मक्तेदारी नाही हेही सांगून ठेवा. शीख तर 'इक ओंकार'नेच सुरू करतात आणि त्यांच्या गुरुग्रंथसाहेबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.

चौथी पायरी मला सगळ्यात आवडते. घरातली जुनी कॅलेंडरं काढा. रमजान ईद २०२३ ला २२ एप्रिलला होती, २०२४ ला ११ एप्रिलला, २०२५ ला ३१ मार्चला. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे. कारण इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. म्हणून रोजे कधी वैशाखवणव्यात येतात, कधी थंडीत. यहुदी वर्षही चांद्र, पण पेसाख हा त्यांचा मोठा सण वसंतातच यायला हवा, म्हणून ते १९ वर्षांत सात वेळा एक महिना जादा धरतात. अधिक मास माहीत असलेल्या माणसाला हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. गंमत बघा, २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी पेसाखची पहिली रात्र हनुमान जयंतीच्या अगदी आगेमागे आली. तोच चंद्र, तीच पौर्णिमा. ख्रिस्ती कॅलेंडर सूर्याचं, पण ईस्टर मात्र पौर्णिमेवर बांधलेला: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही पडतो. वारही बघून ठेवा. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत यहुद्यांचा विसाव्याचा दिवस शब्बाथ, रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा.

आता प्रत्यक्ष जायचं. अलिबागेत इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सभास्थान आहे, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात माउंट कार्मेलचं चर्च, आणि मशिदी तर चौल-मुरूडपर्यंत जागोजागी. (कोकणात इस्लाम कसा आला यावर कुणी तलवारीच्या गोष्टी सांगू लागलं तर अरब प्रवासी मसूदी आठवा. तो दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता, तेव्हा इथे हजारो मुसलमान व्यापारी सुखाने नांदत होते आणि त्यांच्यावर राजाने त्यांच्यातलाच एक मुखिया नेमलेला होता.)

आधी फोन करून विचारा, नुसतं जाऊन थडकू नका. सभास्थानात पुरुषांनी डोकं झाकायचं. शब्बाथला गेलात तर मोबाइल आणि पेन बाहेरच ठेवा, त्या दिवशी लिहिणं वर्ज्य. तोराची, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. वाचतानाही तिला बोट लावत नाहीत, टोकाला छोटा हात असलेली काठी ओळीवर फिरवतात. दाराच्या चौकटीवरची तिरपी डबी म्हणजे मेझूझा; तिच्यात शेमाचेच शब्द असतात. सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. दहा जमवणं इथे सोपं नाही, हे माहीत असू द्या, म्हणजे 'एवढेच का लोक?' असं तोंडातून जाणार नाही.

चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, बाकीचे उठले की उठा. प्रसादासारखं काही वाटताना दिसलं म्हणून रांगेत जाऊ नका. ते कम्युनियन आहे, ज्यांनी पहिलं कम्युनियन रीतसर घेतलंय त्यांच्यासाठीच. आपल्याकडे प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, तिथे घेणं चुकीचं. मशिदीत नमाजाची वेळ टाळा, चपला काढा, बायकांसाठी जागा आहे का ते आधी विचारा. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा, मिहराब, आणि जमिनीवर रांगांच्या रेघा. मुलांच्या हातात होकायंत्र द्या. आपल्या किनाऱ्यावरून मक्काही पश्चिमेला आणि यरुशलेमही, म्हणून मशीद आणि सभास्थान एकाच दिशेला तोंड करतात. चर्चची वेदी जुन्या रिवाजाने पूर्वेला, पण सगळीकडे नाही. तपासून बघायला लावा.

एक धागा मात्र इथे आवर्जून उलगडा. बेने इस्राएल नवस फेडताना, लग्नाआधी मलिदा करतात: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. तो एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने. अलिबागजवळ सागाव-खंडाळे भागात एका कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. हा एलियाहू बायबलात ज्या डोंगरावर बआल नावाच्या दुसऱ्या देवाच्या संदेष्ट्यांना आव्हान देतो, तो कार्मेल. कोर्लईच्या चर्चचं नाव त्याच डोंगरावरून. आणि कुराणात तो इलियास नावाने येतो, त्याच ३७ व्या सूरेत, बळीच्या गोष्टीनंतर थोड्याच आयतींनी.

वाचायचं काय, तर ग्रंथ पहिल्या पानापासून सुरू करू नका. तिन्हींची मराठी भाषांतरं मिळतात. कुराणाच्या ११४ सूरा साधारण लांबीच्या उतरत्या क्रमाने आहेत. दुसरीच सूरा २८६ आयतींची, नवखा तिथेच दमतो. शेवटच्या छोट्या सूरा आधी घ्या. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, मार्कचं सगळ्यात लहान, १६ अध्यायांचं, एका बैठकीत होतं. तोरासाठी उत्पत्तीचे १२ ते २५ अध्याय. जोडीने वाचायचं असेल तर योसेफाची गोष्ट घ्या: उत्पत्ती ३७ ते ५० आणि कुराणाची १२ वी सूरा. एकाने एक मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने दुसरी. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा दोन्हीकडे आहे. त्या मुलाचा फाटलेला सदरा मात्र एकीकडेच आहे, आणि तो कुठे आहे हे शोधायला मी मुलांना पुढच्या रविवारपर्यंत वेळ देते.