एका कानात अचानक दडे बसले तर काय करायचं, आणि ते रक्ताच्या गुठळीमुळे होतं का

सकाळी उठल्यावर एका कानात दडे बसलेत, आत सूंऽऽ आवाज चालू, आणि आपण म्हणतो सर्दी असेल, मळ असेल, बघू दोन दिवसांनी. आमच्या काकांनी हेच केलं, कोमट तेल घालत आठवडा घालवला. तेल घालू नका.

आधी तोंड बंद ठेवून "हम्म्म" करा. आवाज बंद कानात जास्त घुमला तर बहुतेक मळ नाहीतर पडद्यामागे पाणी. चांगल्या कानाकडे गेला तर गडबड आत, कॉक्लियात (आतल्या कानाचा शंखासारखा भाग) किंवा ऐकण्याच्या नसेत, मग त्याच दिवशी ईएनटी म्हणजे कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. ही घरगुती टेस्ट आहे हां, कसलाही निकाल आला तरी ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवरची ऐकण्याची तपासणी, करायचीच. 72 तासांच्या आत सलग तीन फ्रिक्वेन्सींना (आवाजाच्या पट्ट्यांना) 30 डेसिबल किंवा जास्त ऐकू येणं कमी झालं, तर डॉक्टर त्याला अचानक आलेला बहिरेपणा धरतात.

आता गुठळी. आतल्या कानाला रक्त नेते ती एकच बारीक धमनी, ती तुंबली तर दुसरी वाट नाही, म्हणून संशय तिच्यावर जातो आणि तो अगदीच खुळा नाही. पण बहुतेक पेशंटमध्ये कारण सापडतच नाही, आणि फॅक्टर फाइव्ह लायडनसारख्या रक्त गोठण्याच्या दोषांवरच्या अभ्यासांत कुठे संबंध दिसला, कुठे नाही. 2019 च्या अमेरिकन ईएनटी गाइडलाइनमध्ये तर सरसकट रक्ततपासण्या करू नका, गुठळी विरघळवणारी औषधंही सरसकट देऊ नका असंच म्हटलंय. म्हणजे लॅबचं महागडं पॅकेज आपल्या मनाने करायचं नाही आणि शेजाऱ्यांची रक्त पातळ करायची गोळी तर अजिबात घ्यायची नाही.

मात्र पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, वारंवार गर्भपात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), घरात कुणाला तरुणपणी स्ट्रोक, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, मग कुठली तपासणी करायची ते ठरवतील.

आणि कानासोबत गरगरतंय, तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत, तोंड वाकडं झालंय किंवा जीभ अडखळतेय, तर ईएनटीची अपॉइंटमेंट वगैरे सोडा, सरळ एमआरआय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. कानाची ती धमनी बहुतेकदा ज्या मोठ्या धमनीतून फुटते तीच लहान मेंदूलाही रक्त देते, त्यामुळे तो स्ट्रोक असू शकतो.

उपचार म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं. गोळ्यांनी शुगर वाढते, डायबिटीस असेल तर आधीच बोला, कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो. नंतर ऐकण्याच्या नसेवर गाठ (ट्यूमर) नाही ना हे बघायला एमआरआय सांगतात, तो टाळू नका. ऑडिओमेट्रीचे सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा, पुढच्या टेस्टशी ताडून बघायला तेच लागतात.

काकांचा कान अर्धामुर्धा परत आला, फोन आता डाव्या कानाला लावतात.