जुन्या ४१० जिप्सीला किंगचा मागचा अ‍ॅक्सल टाकायचाय? आधी दाते मोजा

आमच्या घरी १९९४ ची मारुती जिप्सी आहे, वाइडट्रॅक ४१० मॉडेलची, बाबांनी घेतलेली, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी चोरलकडे एका नाल्यातून वर काढताना तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमधला चाक फिरवणारा शाफ्ट तुटला. टायर मोठे लावले होते, त्याचा सगळा जोर शाफ्टवर आला. इंदूरात ज्याला विचारावं तो म्हणे जिप्सी किंगचा, म्हणजे नंतरच्या मॉडेलचा अ‍ॅक्सल टाका, आरामात बसतो. बसतो, खरंय, पण पुढे जे झालं ते तुमचं होऊ नये म्हणून सगळं नीट लिहितोय.

पहिलं, तुमची गाडी कुठली ते बघा. जुलै १९९३ च्या आधीची ४१० अरुंद आहे, नंतरच्या वाइडट्रॅकमध्ये दोन चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढलं. १९९६ ला आलेली १३०० ची किंगसुद्धा वाइडट्रॅकच. म्हणजे किंगचे लांब शाफ्ट अरुंद हौसिंगमध्ये (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचात) जाणार नाहीत, अख्खा अ‍ॅक्सल टाकला तर मागची चाकं दोन्हीकडे ४५-४५ मिलिमीटर बाहेर येतील. अरुंद गाडीवाल्यांनी मग पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल बदलायची तयारी ठेवावी, नाहीतर हा नाद सोडावा.

आता मजबुती. शाफ्टच्या टोकाला जे दाते असतात, स्प्लाइन, ते मोजा. बाहेरच्या देशांतल्या सुझुकी एसजे-४१० ला ते २२ आणि सॅमुराईला २६ असतात (दोन्ही जिप्सीचीच भावंडं), म्हणून तिकडेही लोक सॅमुराईचाच माल शोधतात. आपल्याकडच्या तीस वर्षं जुन्या गाड्यांमध्ये कोणी कधी काय बदललंय ते गाडीच सांगू शकते, त्यामुळे भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, शाफ्ट बाहेर काढून स्वतः मोजा. शाफ्ट २६ चा आणि डिफ (मधलं डिफरन्शियल, ज्यात शाफ्टचे दाते बसतात) २२ चं, असं चालत नाही, दोन्ही एकाच गाडीचं घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेशो, चाकांच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर (अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा) किती फेरे घेतो ते. आमच्या मिस्त्रीने किंगचा अख्खा मागचा अ‍ॅक्सल बसवला, पुढचा तसाच ठेवला. काळ्या मातीत काहीच कळलं नाही, कारण तिथे चाक घसरतं आणि ताण निघून जातो, पण महूच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना जोर) लावलं आणि गाडी आखडली, स्टिअरिंग जड, ट्रान्सफरचा (जोर दोन की चार चाकांना द्यायचा ते ठरवणाऱ्या गिअरबॉक्सचा) लिव्हर परत टू-हायमध्ये येईना. उघडून बघितलं तर माझ्या पुढच्या क्राउन-पिनियनचे (डिफच्या गिअरजोडीचे) दाते ३७ आणि ९, म्हणजे ४.११, आणि मागच्याचे ४३ आणि ११, म्हणजे ३.९१. फोर-व्हीलमध्ये जिप्सीचा ट्रान्सफर पुढचा-मागचा प्रॉपेलर एकत्र बांधतो, मध्ये डिफ नाही. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर चाक किलोमीटरला ४७५ च्या आसपास फिरतं, आणि दोन प्रॉपेलरमध्ये जवळपास ९५ फेऱ्यांचा फरक पडतो. एवढ्या फेऱ्या कुठे जाणार, गिअर नाहीतर शाफ्टच खाणार ना! शेवटी पुढचंही त्याच रेशोचं डिफ शोधून टाकलं तेव्हा गाडी मोकळी झाली.

विकत घेण्याआधी रेशो न उघडता कळतो. मागचं एक चाक जमिनीवर राहू द्या, दुसरं जॅकवर, जमिनीवरच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, गिअर न्यूट्रल, मग वरचं चाक बरोबर २ फेरे फिरवा आणि प्रॉपेलरवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार आणि वर थोडं असेल तर ४.११, चारला थोडं कमी पडलं तर ३.९१. नुसता अ‍ॅक्सल पडलेला असेल तरी हेच, एक ड्रम धरून ठेवायचा.

काढताना ड्रम, ब्रेकचा पाइप आणि बॅकिंग प्लेटचे चार नट काढले की शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर येतो, दोन्ही शाफ्ट ओढल्याशिवाय डिफ सुटत नाही. ऑइल सील दोन्ही बाजूंचे नवीनच टाका, जुना सील वाचवून काही वाचत नाही, ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेलं की मागचे ब्रेक संपले. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासलेले असतात, एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला लावायचा नाही, म्हणून अख्खं डिफ न उघडता उचलणं सगळ्यात चांगलं. अख्खा अ‍ॅक्सल टाकत असाल तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकींचं मधोमध अंतर, प्रॉपेलरच्या फ्लँजची भोकं आणि हँडब्रेक चाकावर लागतो की प्रॉपेलरवर, हे तिन्ही आधी जुळवून बघा.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफरमधून येते, त्यामुळे ४.११ चं ३.९१ केलं की काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने जात असेल. आरटीओचंही विसरू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत, काम सुरू करायच्या आधीच तिथे विचारून घ्या.

ऑइल जीएल-५ चं ९० नंबर, भरायच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत. पाचशे किलोमीटरनंतर एकदा काढून बोटांत चोळून बघा, बारीक काळसर भुकटी असेल तर हरकत नाही, चमकणारे तुकडे हाताला लागले तर गाडी तिथेच थांबवून डिफ खाली उतरवा.