आधी बार, मग स्टेज : दोन्ही स्पर्धांत उतरणाऱ्यांसाठी

एकाच वर्षात पॉवरलिफ्टिंग आणि बॉडीबिल्डिंग अशा दोन्ही स्पर्धांत उतरता येतं का? येतं. मी उतरलो आहे आणि पुन्हाही उतरणार आहे. पण तारखा कुठल्या क्रमाने घेता यावर पुढचं सगळं ठरतं, आणि नवीन मुलं नेमकी तीच गोष्ट शेवटी बघतात. आधी फॉर्म भरतात, मग कॅलेंडर उघडतात. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा, म्हणजे बार (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन लिफ्ट) आधी, त्यानंतर डाएट, आणि स्टेज, म्हणजे बॉडीबिल्डिंगचा शो, सगळ्यात शेवटी.

स्क्वॉट कसा मारायचा, प्रोटीन किती घ्यायचं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. वर्षातला बराच काळ हे दोन खेळ एकमेकांना मदतच करतात. स्नायू वाढले की टोटल, म्हणजे तिन्ही लिफ्टमधल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज, वाढते; टोटल वाढली की पुढच्या सेटला जास्त वजन लावता येतं. रॉनी कोलमन १९९८ ते २००५ सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया (व्यावसायिक बॉडीबिल्डिंगमधला सगळ्यात मोठा किताब) झाला, पण त्याआधी तो पॉवरलिफ्टिंग करायचा. १९७६ आणि १९८१ चा विजेता फ्रँको कोलंबू हाही ताकदीसाठीच ओळखला जायचा. दोघांनी आधी पाया घातला तो जड वजनांचा. भांडण आहे ते शेवटच्या काही आठवड्यांचं. बारला पोटभर खाल्लेलं, नीट झोपलेलं शरीर लागतं, आणि स्टेजला जवळजवळ चरबी नसलेलं. ही दोन शरीरं एकाच महिन्यात मिळत नाहीत.

आता सापळ्याकडे येतो. यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण यात मी अडकलो आणि त्याची सल अजून गेलेली नाही.

बेत असा असतो : आधी डाएट करू, शो करू, मग खायला मोकळे. अंग भरेल, ताकद उसळून येईल, आणि दीड-दोन महिन्यांनी पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा मारू. जिममध्ये दहा जणांना विचारा, नऊ जण माना डोलावतील. मला तर अनुभवी माणसानेच हे सांगितलं होतं. शोनंतरचे पहिले दोन आठवडे हा बेत खरा वाटायला लावतात. स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजनच्या (कार्ब्सच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं, त्यामुळे कार्ब्स वाढवले की अंग फुगतं आणि काट्यावर काही किलो भराभर परत येतात. वॉर्म-अपची वजनं हलकी लागतात. आरशात तुम्ही आयुष्यात सगळ्यात चांगले दिसत असता. अशा वेळी माणूस गेल्या वर्षीचे आकडे डोळ्यांसमोर ठेवून फॉर्म भरतो.

वजन परत येणं आणि ताकद परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कुणी ओरडून सांगायला हवं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका नैसर्गिक (उत्तेजकं न घेणाऱ्या) बॉडीबिल्डरला वर्षभर मोजत गेले, सहा महिने तयारीचे आणि सहा महिने सावरण्याचे. तयारीत त्याचं टेस्टोस्टेरॉन साधारण चौथ्या हिश्शावर आलं आणि ताकद घटली. स्पर्धेनंतर हार्मोन सावरले, पण सहा महिने उलटूनही ताकद पूर्ण परतलेली नव्हती. हा एकाच माणसाचा अभ्यास आहे, सगळ्यांना तंतोतंत लागू होणार नाही. तरी मी जे भोगलं ते त्याच्याशी जुळतं.

ताकद कुठे जाते हे बेंचवर सगळ्यात स्पष्ट दिसतं. डाएटमध्ये छाती आणि पाठ दोन्हीकडून जाडी उतरते, म्हणजे बारला छातीपर्यंत जास्त खाली यावं लागतं. ज्या पाठीवर तुम्ही घट्ट टेकायचात ती पाठच पातळ झालेली असते. शोनंतरच्या माझ्या त्या स्पर्धेत बार छातीवर टेकला आणि थांबला. पंचाच्या 'प्रेस'ची वाट बघायचा तो एवढासा वेळ. पूर्वी त्या वेळात मी पाठ आवळून तयार असायचो. या वेळी बार छातीत रुतत गेला. आज्ञा आली, मी रेटलं, बार चार बोटं वर आला आणि तिथेच अडकला. स्पॉटर्सनी, म्हणजे बाजूला उभ्या मदतनीसांनी, तो काढून घेतला. तीन लाल दिवे, म्हणजे तिन्ही पंचांनी लिफ्ट बाद ठरवली. तेच वजन आदल्या वर्षी सहज गेलं होतं. स्क्वॉटमध्येही हेच होतं : बेल्ट दोन भोकं आत जातो, आणि खाली बसल्यावर मांडी-पोटरीच्या जाडीचा जो आधार मिळायचा तो नाहीसा होतो.

त्यात नियम असा की एकदा मागितलेलं वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही. पहिला प्रयत्न चुकला तर तेच वजन पुन्हा मारा किंवा वाढवा. एका लिफ्टचे तिन्ही प्रयत्न गेले की टोटल नाही, आणि टोटल नाही म्हणजे तुम्ही क्रमवारीतच नाही. माझं तेच झालं. आणि टोटल गेल्यापेक्षा जास्त त्रास कोपरांनी दिला. स्नायू काही आठवड्यांत भरून दिसतात, टेंडनना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) मात्र जड वजनाची सवय नव्याने लावावी लागते. फुगलेल्या अंगाच्या भरवशावर वजनं चढवली की दुखणं हमखास मागे लागतं.

म्हणून शोनंतर चांगले आकडे हवे असतील तर मध्ये किमान पाच-सहा महिने ठेवा. कुणी कितीही भरवसा दिला तरी ठेवा. मधल्या काळात निव्वळ अनुभवासाठी बारखाली जायचंच असेल तर जा, पण पहिला प्रयत्न ठरवताना आदल्या वर्षीची वही उघडू नका. गेल्या दोन आठवड्यांत छातीवर नीट थांबवून तीन वेळा मारलेलं वजन असेल तेवढ्यानेच सुरुवात करा.

आता थोडा धीर. डाएटमध्ये बेंच खाली येऊ लागला की मुलं घाबरतात, 'मसल गेला' म्हणतात आणि खाणं वाढवून डाएट मोडतात. असं करू नका. बेंच सहसा सगळ्यात आधी पडतो, त्यामागून स्क्वॉट, आणि डेडलिफ्ट सगळ्यात जास्त तग धरतो. बेंच थोडा उतरला आणि डेडलिफ्ट जवळपास जागेवर आहे, तर तुमचं बरं चाललं आहे. ही ताकद उसनी दिलेली आहे, परत मिळते. फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

बार आधी घेतला तर वर्ष साधारण असं जातं. स्पर्धा झाली की एक-दोन आठवडे हलकं काम, मग डाएट. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरेशी आहे. ८० किलोच्या माणसाला म्हणजे ४०० ते ८०० ग्रॅम. त्याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायूही जातो. किती आठवडे लागतील ते अंगावर किती चरबी आहे यावर अवलंबून, पण १६ ते २४ धरा आणि हिशोबापेक्षा चार आठवडे जास्तच ठेवा. जास्तीचे आठवडे कधी वाया जात नाहीत. डाएटभर तिन्ही लिफ्ट सोडू नका. आठवड्यातून एकदा प्रत्येकीचा एक जड सिंगल (एकाच रेपचा, म्हणजे एकदाच उचलायचा सेट) मारा, पण आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या अशा वजनावर थांबा. कमाल आजमावायची ही वेळ नव्हे. बाकीचं काम मशीन, डंबेल, केबलवर.

उलट बाजूनेही एक सांगायचं आहे. पॉवरलिफ्टिंगच्या महिन्यांत पोटऱ्या, मागचे खांदे, हॅमस्ट्रिंग यांना कुणी विचारत नाही, कारण टोटलमध्ये त्यांचं नाव येत नाही. स्टेजवर पाठ फिरवली की परीक्षक तेच बघतात. डाएट सुरू झाल्यावर ते भाग वाढवायला वेळही नसतो आणि खाणंही नसतं. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं त्यांना द्या, वर्षभर.

पोझिंगला लिफ्टर लोक जे हलक्यात घेतात ते मला अजिबात पटत नाही. सात अनिवार्य पोझ आहेत : समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, मागून डबल बायसेप्स, मागून लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, आणि पोट-मांडी. प्रत्येक पोझ पाय रोवून, श्वास चालू ठेवून, चेहरा न आखडता धरता यायला हवी. नुसतं उभं राहतानाही तुम्हाला पारखतच असतात, त्यामुळे दोन पोझच्या मध्ये सैल सोडलेलं पोट सगळ्यांना दिसतं. डाएटच्या पहिल्या दिवसापासून रोज दहा मिनिटं करा. शेवटच्या महिन्यात शिकायला गेलात तर पायात गोळे येतील. बॉडीबिल्डिंगकडून येणाऱ्यांचं उलटं असतं. त्यांना वजन झेपतं, आज्ञा पाळणं झेपत नाही. पंचाने 'रॅक' म्हणायच्या आत बार ठेवला की लिफ्ट बाद, मग वजन कितीही असो. घरच्या जिममध्ये मित्राला पंच करा आणि प्रत्येक जड सेट त्याच्या आवाजावर मारा.

शॉर्टकटबद्दल थेट बोलतो. पहिल्या स्पर्धेत खालच्या वजनगटात बसण्यासाठी अंगातलं पाणी काढू नका. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत खेळाडूंचं वजन घेणं स्पर्धेच्या फक्त दोन तास आधी सुरू होतं. तेवढ्या वेळात सुकलेलं शरीर पुन्हा भरत नाही. ७८ किलोचे असाल तर ८३ च्या गटात निवांत उतरा. स्टेजच्या आधी लघवीच्या गोळ्या घेऊन 'ड्राय' होणं तर जिवावरचं आहे. मोहम्मद बेनाझिझा हा मोठा व्यावसायिक बॉडीबिल्डर १९९२ मध्ये स्पर्धेनंतर काही तासांतच गेला. या गोळ्या उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेल्या आहेत, आणि जो कोच त्या सुचवतो त्याला त्याच दिवशी सोडा. शेवटच्या आठवड्यात पाणी-मिठाचे खेळ करून कुणी कमी चरबीचा दिसत नाही. चरबी उतरलेली असेल तरच ते दिसतं, आणि तसं असेल तर त्या खेळांची गरज नसते.

दोन कोच ठेवायला हरकत नाही, मात्र कॅलेंडरवर शेवटचा शब्द एकाचाच असू द्या. बारवाला म्हणतो खा, स्टेजवाला म्हणतो कमी कर, आणि मधे तुम्ही थकता. मी स्वतः त्याच माणसाला मानतो जो परीक्षकाच्या किंवा पंचाच्या खुर्चीत बसलेला आहे. फक्त स्वतःचे फोटो दाखवून शिकवणाऱ्याला दुसऱ्याचं शरीर वाचता येईलच असं नाही.

शोनंतरचा पहिला महिना सगळ्यात कठीण. वजन वाढणार आहे, पोटावरच्या रेषा जाणार आहेत, आणि ते बघवत नाही. तरी वाढू द्या, कारण त्या चरबीशिवाय झोप, भूक, मूड काहीच ताळ्यावर येत नाही. त्या महिन्यात सिंगल्स नकोत. सहा ते दहा रेप्समध्ये काम करा, आणि कोपर-गुडघ्यांनी कुरकुर केली तर वजन उतरवा. मुलींना वेगळं सांगतो : डाएटमध्ये पाळी थांबली आणि शोनंतर दोन-तीन महिन्यांतही परतली नाही, तर कोचला विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा. ती परतेपर्यंत पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरू नका.